किलिमांजारोला जाताय? आधी रात्री मोजा

"डॉक्टर, किलिमांजारोला चाललोय, डायमॉक्स लिहून द्या," असं म्हणत हल्ली बरेच जण दवाखान्यात येतात. पंधरा ऑगस्टला नाहीतर सव्वीस जानेवारीला शिखरावर तिरंगा फडकवायचा बेत असतो. विमानाची तिकिटं काढून झालेली असतात, बूटही आलेले असतात. गोळीचं नंतर बघू, आधी कंपनीने दिलेलं वेळापत्रक दाखवा, असं मी म्हणतो. बहुतेकांना ते मोबाइलमध्ये शोधावं लागतं.

टांझानियातला हा डोंगर ५,८९५ मीटर उंच आहे. नेहमीच्या वाटांनी गेलात तर दोर लागत नाही, कडे चढावे लागत नाहीत, नुसतं चालत माथ्यावर पोचता येतं. त्यामुळे तो 'सोपा' म्हणून विकला जातो. पायांपुरतं ते खरंही आहे. पण माथ्यावर हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात मिळणारा प्राणवायूही निम्माच. एव्हरेस्टचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर आहे आणि तिथे पोचायला लोक आठवडाभर चालतात. किलिमांजारो त्याहून पाचशे मीटर उंच, आणि तो पाच दिवसांतसुद्धा विकत मिळतो! परवानाधारक गाइडशिवाय इथे चढायला मनाई आहे, त्यामुळे कुठली तरी कंपनी गाठावीच लागते. कंपनी आणि वाट निवडणं हा मी वैद्यकीय निर्णय मानतो. तो बहुतेक वेळा दर बघून घेतला जातो.

वेळापत्रकात दिवस मोजू नका, कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार ते पाहा. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, असा साधारण नियम आहे. आता मारंगू वाटेचा पाच दिवसांचा कार्यक्रम घ्या. पहिली रात्र मंदारा, २,७२० मीटर. दुसरी होरोंबो, ३,७२०. तिसरी किबो, ४,७२०, आणि त्याच मध्यरात्री उठून शिखराकडे. रोज हजार मीटरची उडी! याच वाटेवर होरोंबोला एक जादा रात्र काढणारा सहा दिवसांचा कार्यक्रम मिळतो. मारंगूनेच जायचं असेल तर तोच घ्या.

त्यापेक्षा मचामे वाट सात दिवसांत किंवा लेमोशो आठ दिवसांत करावी. दोन्ही वाटांवर एक दिवस लाव्हा टॉवरपर्यंत, म्हणजे सुमारे ४,६०० मीटरपर्यंत, चढवून झोपायला खाली बरांकोला आणतात. बरांको ३,९५० मीटरच्या आसपास आहे. दिवसा उंच जावं आणि रात्री खाली झोपावं, हे शरीराला मानवतं. नियम काटेकोर लावला तर या वाटाही पूर्ण गुणांनी पास होत नाहीत, पण पाच दिवसांच्या घाईपुढे त्या कितीतरी बऱ्या. एका जादा दिवसाचे पैसे जड वाटतात, मान्य. मग जाकीट भाड्याने घ्या, पण तो दिवस वाचवू नका.

"मी दर रविवारी सिंहगड करतो," असं पुणेकर छातीठोकपणे सांगतात. करा, जरूर करा. पाठीवर सहा-सात किलो वजन घेऊन करा, आणि उतरताना गाडीने येऊ नका. शिखराच्या दिवशी बाराशे मीटर चढल्यावर त्याच दिवशी जवळजवळ अठ्ठावीसशे मीटर उतरायचं असतं. गुडघे आणि पायाच्या अंगठ्यांची नखं तिथे बोलायला लागतात. (नखं निघण्याच्या दोन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नको.) पण सह्याद्रीत उंचीची सवय होत नाही. कळसूबाई १,६४६ मीटर, आपल्याकडे त्याहून उंच काही नाहीच. दम टिकवण्याची ताकद वेगळी आणि विरळ हवेला सरावणं वेगळं. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही उंचीचा त्रास होतो. उलट तोच अंगातल्या जोरावर भराभर पुढे जातो आणि संध्याकाळी डोकं धरून बसतो. तिथले गाइड सारखं 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, म्हणत असतात. त्यांचं ऐका.

निघण्याआधी किमान तीन महिने तपासणी करून घ्या. हिमोग्लोबिन कमी असेल तर ते वाढायला तेवढा वेळ लागतोच, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ते कमी असणं नवीन नाही. विदर्भ, नंदुरबार, गडचिरोली या भागांत मूळ असलेल्यांनी सिकलसेलची तपासणी जरूर करावी. एरवी काहीच त्रास नसलेल्या सिकलसेल वाहकालाही उंचीवर प्लीहेचा रक्तपुरवठा तुटून पोटात डावीकडे जबर दुखू शकतं. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून तशाच घ्या. इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, म्हणून ते अंगालगतच्या खिशात ठेवा. ग्लुकोमीटरही थंडीत भलतेच आकडे दाखवतो. अँजिओप्लास्टी झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांचं मत घ्यावं. गरोदरपणात हा बेत पुढे ढकलावा. पाळी लांबवण्याच्या गोळ्या परस्पर दुकानातून आणू नका. लांबचा विमानप्रवास आणि शरीरातलं कमी झालेलं पाणी यांनी रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, त्यात या गोळ्यांची भर नको.

आता डायमॉक्स. म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसाला साधारणपणे १२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून, असं देतात. पण ती आपल्या डॉक्टरांनीच लिहून द्यायला हवी, कारण सल्फाची अ‍ॅलर्जी किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रश्न वेगळा. घरीच दोन दिवस घेऊन पाहा. बोटांना मुंग्या येतील, लघवीला वारंवार जावं लागेल, सोडा बेचव लागेल. हे ठाऊक असलं की तिकडे धास्ती वाटत नाही. ही गोळी शरीराला सरावायला मदत करते, घाईची भरपाई मात्र करत नाही. झोपेची गोळी आणि दारू चढाईत दोन्ही वर्ज्य.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, चक्कर, गळून जाणं हा उंचीच्या त्रासाचा पहिला टप्पा. असं झालं तर आहात तिथेच थांबा, आणि त्रास वाढला तर खाली उतरा. यापुढच्या दोन गोष्टी जिवावरच्या. मेंदूला सूज आली की माणूस असंबद्ध बोलतो, झिंगल्यासारखा चालतो. त्याला सरळ रेषेत टाच-चवडा, टाच-चवडा असं चालायला सांगा. तोल गेला तर 'मी ठीक आहे' या त्याच्या म्हणण्याला काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट म्हणजे फुप्फुसात पाणी: बसल्या जागी धाप, खोकला, कधी गुलाबी फेस. दोन्हींवर मुख्य उपाय ताबडतोब खाली उतरवणं. प्राणवायू आणि औषधं उतरताना सोबतीला. सकाळपर्यंत वाट बघायची नाही. ऑक्सिमीटर कोविडपासून घरोघरी आला आहे, पण गार बोटांवर तो फसवतो. आकडा चांगला आला म्हणून लक्षणांकडे डोळेझाक नको.

म्हणून पैसे भरण्याआधी कंपनीला विचारा: प्राणवायूचं सिलिंडर शिखराच्या रात्री गाइडबरोबर वर असतं की खाली तंबूत? एकाला मध्यरात्री परत न्यावं लागलं तर त्याच्याबरोबर कोण उतरेल, आणि उरलेल्यांबरोबर कोण राहील? माघारीचा शेवटचा शब्द कुणाचा? याचं उत्तर 'गाइडचा' असंच हवं. "आमचे शंभर टक्के लोक शिखरावर पोचतात" असं सांगणाऱ्या कंपनीबद्दल मला शंका येते. विमा घेतानाही सहा हजार मीटरपर्यंतची चढाई आणि हेलिकॉप्टर त्यात धरलं आहे का ते वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा बारीक अक्षरात असते.

शिखराच्या रात्री पिशवीतल्या नळीचं पाणी गोठतं. साधी बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा, म्हणजे बर्फ बुडाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. जेवण जाणार नाही; चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, खजूर असं तोंडात टाकता येईल ते खिशात असू द्या. उपास असेल तर तो त्या आठवड्यापुरता सोडा.

एक गोष्ट डोंगराच्या नादात राहूनच जाते. पायथ्याच्या मोशी आणि अरुशा भागात मलेरिया आहे. प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही घ्यायच्या असतात, कोणती गोळी त्यावर आठवडा की चार आठवडे ते ठरतं. विमान नैरोबी किंवा आदिस अबाबावरून असेल तर पीतज्वराच्या लशीचे नियम तिकीट काढतानाच तपासा. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. आणि घरी आल्यावर पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर तो प्रवासाचा शीण समजून पॅरासिटामॉलवर काढू नका. त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की टांझानियाला जाऊन आलोय.