डब्यातली हवा

१५ ऑगस्ट २०२१ पासून, करोनाच्या लशीचा दुसरा डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांना मुंबईच्या लोकलचा मासिक पास मिळू लागला. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे लोकल बंद झाली होती. जूनमध्ये सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांपुरती. २०२१ च्या फेब्रुवारीत ठरावीक वेळांत सगळ्यांना मुभा मिळाली आणि एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेने तीही गेली. बदलापूर, विरार, पनवेलच्या माणसांनी या काळात पोटासाठी बस बदलत, रिक्षा वाटून घेत जे हाल काढले, ते मी पेशंटच्या तोंडून रोज ऐकत होते. म्हणून ‘डॉक्टर, लोकलने जाऊ का?’ असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर ‘जा’ असंच आहे. मात्र कसं जायचं, ते नीट वाचा.

करोना मुख्यतः हवेतून पसरतो. बोलताना, खोकताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडानाकातून अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. बंद खोलीत अगरबत्तीचा धूर जसा रेंगाळतो, तसे ते हवेत तरंगत राहतात आणि खिडक्या उघडल्या की पांगतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये हे स्पष्ट शब्दांत मान्य केलं. वस्तूंना हात लागून होणारा संसर्ग त्या मानाने बराच कमी. तरीही डब्यातली कडी सॅनिटायझरने पुसणारे, पण मास्क हनुवटीवर ठेवून फोनवर बोलणारे प्रवासी सर्रास दिसत असत. कडी खुशाल धरा. ऑफिसात पोचल्यावर वीस सेकंद साबणाने हात धुवा आणि तोवर डोळ्यानाकाला हात लावू नका, एवढं पुरतं. खरी काळजी श्वासाची घ्यायची आहे.

ऐन गर्दीच्या वेळी लोकलमध्ये एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. तिथे सहा फुटांचं अंतर पाळा असं मी सांगणार नाही. अंतर तुमच्या हातात नाही, मास्क आहे.

शक्य असेल तर एन-९५ वापरा, पण पुढे झडप असलेला नको. तुम्ही सोडलेला श्वास त्या झडपेतून गाळला न जाता बाहेर पडतो. मास्क लावल्यावर नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा आणि जोरात श्वास सोडून पाहा. चष्म्यावर वाफ आली किंवा गालापाशी हवा लागली, तर तिथे फट आहे. एन-९५ साबणाने धुवू नका, त्याची गाळण्याची ताकद जाते. चार-पाच मास्क आळीपाळीने वापरा आणि वापरलेला मास्क कागदी पिशवीत काही दिवस सुकू द्या. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत तो दमट राहतो. एन-९५ परवडत नसेल तर आत सर्जिकल आणि वर घट्ट बसणारा कापडी मास्क लावा, चांगलं संरक्षण मिळतं. फलाटावर भिजलात तर मास्क बदलाच, म्हणून एक कोरडा मास्क डबा-छत्रीसोबत बॅगेत असू द्या.

श्रावण पाळणाऱ्या पुरुषांना एक विनंती. वाढलेल्या दाढीवर एन-९५ चेहऱ्याला चिकटून बसत नाही आणि कडेने हवा आत शिरते. तुमच्या श्रद्धेविषयी मला आदर आहे, पण रोज लोकलने जात असाल तर निदान मास्कच्या कडेखाली येणारी दाढी काढा.

मास्कखालोखाल महत्त्व खिडकीचं. पाऊस एका बाजूने येत असेल तर दुसऱ्या बाजूच्या खिडक्या उघड्या ठेवा. दोन्हीकडून झोडपत असेल तर काच न लावता फटींचं शटर ओढा, थोडी तरी हवा खेळेल. शेजारच्याला थंडी वाजत असेल तर जागा बदलून घ्या. एसी लोकल आणि एसी बसमध्ये खिडकी उघडता येत नाही, तिथे एन-९५ हवाच. आणि मोकळ्या हवेच्या नावाखाली कुणीही दारात लटकू नका. लोकलमधून पडून माणसं मरतात, ती या साथीआधीही मरत होतीच.

तिसरी गोष्ट मला जड मनाने सांगावी लागते आहे. डब्यात शांत राहा. मोठ्याने बोलताना किंवा गाताना साध्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त थेंब बाहेर पडतात. दीड वर्षाने गाडीतला ग्रुप पुन्हा भेटत होता, काही ग्रुपमधलं माणूस कायमचं गेलं होतं, अशा वेळी बोलावंसं वाटणारच. फलाटाच्या मोकळ्या टोकाला उभं राहून मनसोक्त बोला. भजन, वाढदिवसाचा केक, डब्यातला चहा मात्र साथ असेपर्यंत थांबू दे. लस गंभीर आजारापासून उत्तम वाचवते, पण लस घेतलेल्यालाही करोनाचा संसर्ग होऊ शकतो आणि तो घरी पोचू शकतो. ऑगस्ट २०२१ मध्ये घरच्या अठरा वर्षांखालच्या मुलांना अजून लस नव्हती.

बायकांसाठी थोडं वेगळं. गाडीत स्वच्छतागृह नाही म्हणून निघताना पाणी न पिणं ही आपली जुनी सवय. साथीत मास्क काढावा लागेल म्हणून प्रवासातही पाणी टाळलं गेलं. लघवीला जळजळ, मूतखडा, डोकेदुखी घेऊन येणाऱ्या कितीतरी जणींच्या तक्रारीचं मूळ इथे सापडतं. निघण्याआधी पाणी प्या, उतरल्यावर गर्दी ओसरू द्या आणि फलाटावर मोकळ्या जागी पुन्हा प्या. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी गाडी पकडू नये. घाम फुटला, हात थरथरले, तर मास्कचा विचार न करता तत्क्षणी साखर तोंडात टाका.

करोना होऊन गेलेल्यांनी पहिल्याच दिवशी धावत पूल चढू नये. आधी घरात बोटाला ऑक्सिमीटर लावून सहा मिनिटं चाला. ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला किंवा चालण्याआधीपेक्षा तीनहून जास्त अंकांनी घसरला, तर प्रवास पुढे ढकला आणि डॉक्टरांना दाखवा. छातीत दुखलं किंवा जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी या.

राहिला ताप. तापाची गोळी घेऊन ८:१० ची फास्ट पकडणारी माणसं मला ठाऊक आहेत आणि ती बेफिकीर नाहीत. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार, आणि साथीच्या दीड वर्षात आधीच निम्मं घर रिकामं झालेलं. तरीही ताप, घसादुखी, खोकला, वास जाणं यातलं काहीही असेल तर लोकलमध्ये पाऊल ठेवू नका, तपासणी करून घ्या. गोळीने ताप उतरतो, संसर्ग तसाच राहतो.

म्हणून हा शेवटचा भाग मालकांसाठी आणि मॅनेजरांसाठी आहे. आजारी माणसाने घरी थांबावं असं वाटत असेल तर त्याची रजा पगारी करा आणि पहिल्या दिवशी डॉक्टरचं सर्टिफिकेट मागू नका. सगळ्यांना दहाच्या ठोक्याला हजर राहायला लावू नका. काहींना आठला बोलवा, काहींना बाराला. घरून होणारं काम घरूनच होऊ द्या. तुमच्या ऑफिसातली दहा माणसं उशिराच्या गाडीने आली, तर सकाळच्या गाडीत दहा माणसांची जागा मोकळी होईल, आणि ती ज्यांना मिळेल त्यांत रुग्णालयातली आया असेल, सफाई कामगार असेल, ज्यांना वेळ निवडण्याची सोयच नाही. हजेरीच्या वेळा बदलायला सरकारी आदेशाची गरज नाही. सोमवारपासून बदला.