घर, रहस्य आणि घरकाम
(एका वाचकाची मते)
द्वितीय वर्ष, कला

आमच्या ग्रंथालयात मराठी कादंबऱ्यांची दोन कपाटे शेजारी शेजारी उभी आहेत. एकावर ‘कौटुंबिक’ अशी चिठ्ठी आहे. त्यात योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर यांची पुस्तके. दुसऱ्यावर ‘रहस्य व साहस’; त्यात बाबूराव अर्नाळकर आणि सुहास शिरवळकर. या दोन कपाटांपुढे फार वेळ रेंगाळू नये, असा एक अलिखित संकेत आहे. पहिले कपाट दुपारी वामकुक्षी घेणाऱ्यांसाठी आणि दुसरे एस. टी.च्या प्रवासासाठी, असे एकदा वर्गात ऐकले तेव्हा मीही इतरांबरोबर हसले होते. माझ्या पिशवीत त्या वेळी दुसऱ्या कपाटातले एक पुस्तक होते, ही गोष्ट निराळी.

प्रस्तुत लेखात ज्या कादंबऱ्यांविषयी लिहायचे आहे, त्या या दोन कपाटांच्या मधल्या फटीत बसतात. त्या इंग्रजीतल्या आहेत, एक जपानीतून इंग्रजीत आलेली आहे. ज्युलिया क्राउच या ब्रिटिश लेखिकेने २०१३ साली अशा कादंबऱ्यांना ‘डोमेस्टिक नॉयर’ असे नाव दिले. घरातल्या काळोखाची कथा, असे आपण म्हणू. जुन्या गुप्तहेरकथेत खून होतो, बाहेरून कोणी हुशार माणूस येतो, गुन्हेगार सापडतो आणि घर पुन्हा पहिल्यासारखे होते. या नव्या कथेत बाहेरून कोणी यायचे म्हणून घर सावरत नाही. भीती वाटते ती नवऱ्याची, बायकोची, शेजारणीची. आणि ती ज्या स्वयंपाकघरात जन्मते तिथेच रोज सकाळी चहा करावा लागतो. म्हणजे विषय कौटुंबिक कादंबरीचाच आहे. फरक इतकाच की तिथे ‘बाईने किती सोसावे?’ असे विचारले जाते आणि इथे ‘बाईला काय काय माहीत आहे, आणि ते कोण खरे मानील?’ असे.

गिलियन फ्लिन या अमेरिकन लेखिकेची ‘गॉन गर्ल’ (२०१२) यांत सर्वांत गाजली. नवरा-बायको दोघे न्यूयॉर्कमध्ये मासिकांसाठी लिहिणारे. नोकऱ्या जातात, म्हणून ते मिसुरीतल्या नवऱ्याच्या गावी येऊन राहतात, आणि लग्नाच्या पाचव्या वाढदिवशी बायको नाहीशी होते. एक प्रकरण नवऱ्याचे, एक बायकोच्या डायरीचे, अशी मांडणी आहे. वाचक कधी याच्या बाजूला, तर कधी तिच्या बाजूला झुकतो. शेवट सांगून मी कोणाचा विरस करणार नाही. पण लेखिका वाचकाला फसवते, या तक्रारीशी मी सहमत नाही. आपण डायरी म्हटली की ती खरी धरतो. ती सवय आपली आहे, लेखिकेची नव्हे. मला वाटते, ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना अधिक भीतिदायक होते, आणि रहस्यकथेला याहून मोठे प्रशस्तिपत्र नाही.

पॉला हॉकिन्सची ‘द गर्ल ऑन द ट्रेन’ (२०१५) मला त्या मानाने कमी आवडली. कल्पना उत्तम आहे. नोकरी गेली तरी रेचेल रोज सकाळी ८.०४ च्या गाडीने लंडनला जाते. गाडी सिग्नलला थांबली की रुळालगतच्या एका घरातले जोडपे न्याहाळते, त्यांना मनानेच नावे देते, त्यांचा संसार सुखाचा आहे असे ठरवून टाकते. त्याच ओळीत तिचे स्वतःचे जुने घर आहे आणि तिथे तिचा पूर्वीचा नवरा नव्या बायकोबरोबर राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला घर कसे दिसते, हे यात छान आले आहे. परंतु कथा सांगणाऱ्या तिघी बायका जवळजवळ एकाच आवाजात बोलतात, आणि रेचेलला दारूमुळे नेमके हवे तेवढेच आठवत नाही, ही सोय मला जरा जास्तच सोयीची वाटते.

इथपर्यंतची मते कोणाही वाचकाची असू शकतील. यापुढची मात्र माझ्या एकटीची नाहीत. आमच्या घरात महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आई चार घरची धुणीभांडी करते. तिला अक्षरे जुळवून एस. टी.ची पाटी वाचता येते, त्यापलीकडे नाही. मी शब्दकोश घेऊन जे वाचते ते रात्री भाजी निवडताना तिला मराठीत सांगते. ती ‘हूं’ म्हणत ऐकते आणि मध्येच असा काही प्रश्न विचारते की माझी टिपणे निकालात निघतात.

‘गॉन गर्ल’मध्ये पोलिसांना संशय येतो, कारण स्वयंपाकघरातल्या फरशीवरचे रक्त कोणीतरी पुसलेले असते, पण नीट पुसलेले नसते. आई लगेच म्हणाली, “मग रोजची फरशी पुसणारीला विचारायचं ना. तिला कळलं असतं, हा हात कुणाचा.” मी पाने चाळून पाहिली. अशी कोणी बाई तिथे बोलावलेली नाही. तेव्हापासून अशी कादंबरी हाती घेतली की मी पाहते, या घरातली भांडी कोण घासते? घराचे रहस्य उकलायचे आणि घरकाम करणाऱ्याला विचारायचेच नाही, हे मला आता खटकते.

या साऱ्या कादंबऱ्यांची आजी म्हणता येईल अशी ‘रिबेका’ (१९३८) मी त्यानंतर वाचली. लेखिका डॅफ्ने द्यू मॉरिए. हिच्यावर हिचकॉकने १९४० साली चित्रपट काढला, आणि आपल्याकडे १९६४ चा ‘कोहरा’ हा वहिदा रेहमानचा चित्रपटही हिच्यावरच बेतलेला आहे. एक गरीब मुलगी मॅन्डर्ली नावाच्या वाड्यात दुसरेपणाची बायको म्हणून येते. पहिली, रिबेका, मेलेली आहे. पण वाड्यात सत्ता तिचीच चालते, आणि ती चालवते मिसेस डॅन्व्हर्स ही कारभारीण. सारी कथा सांगणाऱ्या या दुसऱ्या बायकोचे नाव कादंबरीत अखेरपर्यंत येत नाही. समीक्षक याला तंत्र म्हणतात. मी हे आईला मोठ्या उत्साहाने सांगितले, तर तिला त्यात नवल वाटले नाही. लग्नात ताटातल्या तांदळांत नवे नाव लिहिले गेले, तेव्हापासून तिचे माहेरचे नाव तिला कोणी विचारलेले नाही.

तिला नवल वाटले ते दुसऱ्याच प्रसंगाचे. या नव्या बायकोच्या हातून दिवाणखान्यातली एक मौल्यवान चिनी मातीची मूर्ती फुटते. ती घाबरते, तुकडे पाकिटात भरते आणि मेजाच्या खणात मागे लपवून ठेवते. पुढे मूर्ती नाही हे लक्षात येताच कारभारीण रॉबर्ट नावाच्या तरुण गड्यावर आळ घेते. तो रडकुंडीला येतो. मग बाईसाहेब नवऱ्यापाशी कबुली देतात. नवऱ्याला या गोष्टीची गंमत वाटते, तिचे वागणे त्याला एखाद्या कामवाल्या पोरीसारखे वाटते, आणि कादंबरी पुढे सरकते. वाचताना माझे सारे लक्ष त्या बायकोच्या लाजेकडे होते. प्रसंग तिच्यासाठीच लिहिलेला आहे.

आईचा हात मेथीच्या जुडीवर थांबला. “आणि त्या गड्याचं काय झालं पुढं?”

मी म्हटले, “काही नाही. तो सुटला.”

“त्याला कुणी म्हटलं का, बाबा, चुकलं आमचं?”

मी पुस्तक परत नेण्याआधी ती प्रकरणे पुन्हा वाचली. रॉबर्ट पुढेही येतो. ताटे नेतो, दार उघडतो. परंतु त्याच्या मनाचे काय झाले, याकडे कथा पुन्हा वळत नाही. आईला हे का विचारावेसे वाटले, ते मला माहीत आहे. मी आठवीत असताना एका घरातली अंगठी हरवली होती. आईची पिशवी दारातच उलटी केली गेली. त्या दिवशी सुट्टी असल्यामुळे मी तिच्याबरोबर गेले होते. पिशवीतून माझा भाकरीचा फडका पडला, तो मी उचलला. अंगठी तिसऱ्या दिवशी त्यांच्याच साबणाच्या डबीत सापडली. हे आम्हाला त्यांनी सांगितले नाही, शेजारच्या घरी कळले. पुढच्या आठवड्यात त्यांनी आईला पुन्हा कामावर बोलावले आणि एक जुने पातळ दिले. आईने पातळ घेतले. आई तिथे आणखी दीड वर्ष काम करीत होती.

मी ‘रिबेका’ला यामुळे कमी लेखत नाही. उलट, मुळात जी मुलगी स्वतः एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण होती, तिला मालकीण झाल्यावरही तुकडे लपवावेसे वाटतात, हे द्यू मॉरिएने अचूक पकडले आहे. तिला रॉबर्टची भीती कळायला हवी होती. कळत नाही, हेच कदाचित मालकीण होणे असेल.

जुन्या गुप्तहेरकथेची मी वर थट्टा केली, तिचे एक देणेही मान्य केले पाहिजे. अगाथा ख्रिस्तीच्या ‘अ पॉकेट फुल ऑफ राय’ (१९५३) मध्ये एका सधन घरात खून पडतात, त्यांत ग्लॅडिस नावाची मोलकरीण मारली जाते, आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावलेला सापडतो. मिस मार्पल ही म्हातारी त्या घरी येते ती मालकाच्या खुनासाठी नव्हे. ग्लॅडिस पूर्वी तिच्याकडे कामाला होती. तिला काम तिनेच शिकवले होते. त्या चिमट्याचा तिला राग आलेला असतो. ग्लॅडिस भोळी, सहज फसणारी, अशी रंगवली आहे खरी. पण तिच्यासाठी कोणीतरी गाडीत बसून आले, हे आईला फार आवडले. मिस मार्पलची आणखी पुस्तके आहेत का, असे तिने विचारले.

नव्यांपैकी माझ्या मते सर्वांत सरस आहे ती नात्सुओ किरिनो या जपानी लेखिकेची ‘आउट’ (१९९७). टोकियोच्या उपनगरात जेवणाचे डबे भरणाऱ्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्या चौघी बायका. त्यांतली एक छळणाऱ्या नवऱ्याचा खून करते आणि बाकीच्या प्रेताची विल्हेवाट लावायला मदत करतात. हे सुरुवातीलाच घडते, म्हणून सांगायला हरकत नाही. वर्णने काही ठिकाणी वाचवत नाहीत. मी ती पाने आईला सांगितली नाहीत. पण या बायका ते भयंकर काम करतात ते हातांना सवय असलेल्या कामासारखे, न्हाणीघरात. त्या मदत का करतात? मैत्रीसाठी थोडे, पैशासाठी बरेच. एकीच्याही तोंडी मोठे वाक्य नाही. कामाचे तास, पाय सुजणे, कर्जाचे हप्ते यांतूनच उत्कंठा वाढत जाते. इतक्या गद्य गोष्टींतून रहस्य उभे करता येते, हे मला आधी ठाऊक नव्हते.

शेवटी फ्रीडा मॅकफॅडन यांची ‘द हाउसमेड’ (२०२२), कारण हिच्या नावातच मोलकरीण आहे. वर्गातल्या बऱ्याच मैत्रिणींनी ती वाचली आहे. भाषा सपाट आहे, श्रीमंत घर जाहिरातीतल्यासारखे आहे, आणि दर प्रकरणाच्या शेवटी वाचकाला चिमटा काढण्याची खोड आहे. तरी निदान इथे फरशी पुसणारीच गोष्ट सांगते. मिली कामाला लागते, तिला राहायला माळ्यावरची खोली देतात, आणि त्या खोलीच्या दाराची कडी बाहेरून आहे हे तिला पहिल्याच दिवशी दिसते. तरीही ती राहते. मला हे कच्चे वाटले. एवढी शहाणी मुलगी राहील कशी?

आईला मी तसे म्हटले. तीही म्हणाली, “मी नसते राहिले बाई.” मग तिने विचारले, “तिचं घर कुठं होतं?”

मी सांगितले, ती तुरुंगातून सुटून आलेली होती, पॅरोलवर. गाडीतच झोपत होती.

आई म्हणाली, “मग बरोबर लिहिलंय.”