दोन मुलांचे घर

घरात दोन लहान मुलगे असले म्हणजे घर कसे असते, हे तुम्हांला सांगायला नको. एकाला धुऊन पुसून उभा करावा, तोवर दुसरा मातीत. एक चुलीपाशी, तर एक गोठ्यात. आणि दोघेही गप्प झाले, की आईच्या पोटात गोळा येतो. काय उद्योग चाललाय, म्हणून ती हातातले काम टाकून बघायला जाते.

अशाच एका घराची हकिगत आपण वाचू. नावागावाची गरज नाही. थोरला सात वर्षांचा. दुसरीत जातो. त्याला घरात सगळे दादा म्हणतात. धाकटा सव्वा वर्षाचा. तो बाळू. नुकता चालायला लागला आहे. चालतो थोडा, पडतो फार. घरात आई, बाप आणि आजी. चार एकर जिरायत जमीन आहे, दोन म्हशी आहेत. दोन्ही वेळेला डेअरीला दूध जाते.

आई पहाटे उठते. शेणघाण, झाडलोट, पाणी, भाकरी. तिच्या कामाला अंत नाही. बाप धारा काढतो. आणि आणखी एक काम करतो. दादाला आंघोळ तोच घालतो. गावात काही जण हसतात. हसेनात का! आंघोळीला पाच मिनिटे लागतात. पण तेवढ्या वेळात शाळेत कोणी मारले, कोणाची पाटी फुटली, गुरुजी काय म्हणाले, हे सगळे पोर बापाला सांगते. एरवी कधी सांगेल?

दादाची एक तक्रार आहे. ती तो बोलून दाखवत नाही. बाळूने वही फाडली, तरी बोलणी दादाला. बाळू ओट्यावरून पडला, तरी बोलणी दादालाच. "तू मोठा ना? तुला कळत नाही?" हे वाक्य दिवसातून दहा वेळा त्याच्या कानांवर पडते. आता सात वर्षांचे पोर मोठे कसे? बाळूच्या शेजारी उभे केले तर मोठे दिसते, एवढेच. बाळू जन्मायच्या आधी हाच दादा घरात सगळ्यांत लहान होता, मांडीवर बसत होता. एका रात्रीत तो मोठा झाला. तुमच्याही घरी असेच होत असेल. बघा बरं आठवून.

आषाढ लागला. पहिल्या पावसाने ओढे-नाले गढूळ झाले. विहिरीचे पाणी तांबूस दिसू लागले. एके दिवशी सकाळी बाळूला दोनदा पातळ झाले. आईला वाटले, दात येत असतील. पण दुपारपर्यंत सहा वेळा झाले. अगदी पाण्यासारखे. एकदा ओकारीही झाली. बाळूचे डोळे ओढल्यासारखे दिसू लागले. रडे, पण डोळ्यांतून पाणी येईना.

आई पाण्याची वाटी घेऊन बसली. आजी म्हणाली, "पानी पाजू नगंस सूनबाई. जेवढं पाजशील तेवढं खाली जातंय. पोट जरा रिकामं ऱ्हाऊ दे, आपसूक थांबंल."

आजीचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले. पण ते चूक आहे. आणि या चुकीने मुले दगावतात.

समजा, घड्याला तळाशी भोक पडले. पाणी गळू लागले. तुम्ही वरून पाणी घालणे बंद केले, तर गळती थांबेल काय? थांबेल. घडा रिकामा झाल्यावर! जुलाबाने मूल मरते ते बहुधा जुलाबाने नव्हे, अंगातले पाणी आणि मीठ आटल्याने मरते. लहान मुलाचा घडा मुळातच लहान. तो एका दिवसातही रिकामा होऊ शकतो. म्हणून गळते आहे तोवर वरून भरत राहायचे.

मग नुसते पाणी का पाजू नये? कारण नुसते पाणी जुलाबात अंगाला नीट लागत नाही, आणि गेलेले मीठ त्याने भरून येत नाही. आतड्याची एक गंमत आहे. साखर आणि मीठ बरोबर आले, की ती जोडीने आतड्यातून रक्तात शिरतात. त्यांच्यामागून पाणीही आत जाते. साखर दाराची कडी काढते, म्हणा ना. त्या पाण्याला आपण जलसंजीवनी म्हणतो. पाकिटावर ओआरएस असे लिहिलेले असते.

ही गोष्ट आपल्याच देशातल्या एका डॉक्टरांनी मोठ्या संकटात करून दाखवली. १९७१ साली बांगलादेशात लढाई पेटली. लाखो माणसे जीव घेऊन पश्चिम बंगालमध्ये आली. बनगावच्या छावणीत पटकीची साथ उसळली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले. साखर म्हणजे ग्लुकोज, बरं का. मुलांच्या आयांना सांगितले, घ्या आणि पाजत राहा. आधी शंभर आजाऱ्यांत तीसच्या आसपास मरत होते. ते चाराच्याही खाली आले. हे डॉक्टर २०२२ साली वारले. २०२३ साली सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले.

आता पुन्हा आपल्या घराकडे. बाळूची आई संध्याकाळी शाळेत साक्षरतेच्या वर्गाला जाते. तिथे तिने हे ऐकले होते. सासूला उलट बोलायची तिला सवय नाही. ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही बाळूला मांडीवर घ्या. मी नुसतं चमच्याचमच्यानं देते. नाही सोसलं तर थांबवू." मग दादाला म्हणाली, "दादा, पळत जा. आशाताईंना बोलावून आण."

दादा पळाला. पायांत चप्पल नाही, डोक्यावर पाऊस.

फडताळात अंगणवाडीतून आणलेले एक पाकीट होते. आईने ते शोधले. एक पेला पाणी घेतले आणि पाकीट फोडून सगळे त्यात ओतणार, तोच तिची नजर अक्षरांवर गेली. छपाई हिंदी होती. पण अक्षरे आपलीच ना! तिने बोट ठेवून वाचले. ए-क ली-ट-र.

हात थांबला. एक लिटर म्हणजे पेलाभर नव्हे. लिटरभर पाण्याची पूड पेल्यात कालवली असती, तर ते पाणी अतिशय खारट झाले असते. त्याने मुलाला फायदा तर नाहीच, उलट अपाय झाला असता. तिने लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुतली. सकाळी उकळून गार केलेले पाणी होते, ते बाटलीभर मोजून पातेल्यात ओतले. त्यात सबंध पाकीट घातले, ढवळले, वर झाकण ठेवले. काही पाकिटे पेलाभर पाण्याचीही मिळतात. म्हणून दर वेळेला पाकीट वाचायचे. अंदाजाने करायचे नाही. आणि केलेले पाणी २४ तासांच्या वर ठेवायचे नाही.

बाळूने पहिला चमचा घेतला. मग दुसऱ्यासाठी वाटीकडे झेप घेतली. पाचव्या चमच्याला ओकला. आजी म्हणाली, "बघ!" आईने दहा मिनिटे वाट पाहिली. मग पुन्हा सुरू केले, आणखी सावकाश. या वेळी ते पोटात राहिले.

आशाताई आल्या. त्यांनी बाळूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही. हळूहळू बसली. त्या म्हणाल्या, "वहिनी, पितोय हे फार चांगलं. पण पाणी कमी झालंय. डॉक्टरांना दाखवू या. वाटेतही पाजत राहा. आणि अंगावरचं दूध बंद करू नका हं."

बाप रानातून आला. मोटारसायकलवर आई, तिच्या मांडीवर बाळू. पातेल्यातले पाणी पुन्हा बाटलीत भरून घेतले. प्राथमिक आरोग्य केंद्रात बाळूचे वजन केले. नऊ किलो भरले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथं चार तास बसा. पावणेसातशे मिलिलिटर पाजायचंय, म्हणजे पाऊण लिटरला थोडं कमी. मिनिटा-दोन मिनिटांनी एक चमचा."

बाप म्हणाला, "बाई, सलाईन लावा की. पैशाचं बघतो मी."

"पैशाचा प्रश्न नाही. इथं तसेही पैसे लागत नाहीत," बाई म्हणाल्या. "पोराच्या तोंडानं पाणी जातंय ना? मग सुई कशाला टोचायची? तोंडानं जाईना, किंवा पोर निपचित पडलं, तर मी स्वतःच लावीन."

आपल्या लोकांना सुई टोचल्याशिवाय औषध घेतल्यासारखे वाटत नाही. बापालाही वाटले नाही. पण तो बसला. चमचा आईच्या हातून त्याने घेतला. चार तासांत दोघांचे हात भरून आले. अखेर बाळूला लघवी झाली. डॉक्टरीणबाई हसल्या. बापाला कळेना, लघवीत हसण्यासारखे काय? अहो, अंगात पाणी पुरेसे आले, याचीच ती खूण.

घरी पाठवताना बाईंनी झिंकच्या गोळ्या दिल्या. रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पुरे करायचे. पुढचे काही महिने जुलाब पुन्हा लागण्याची भीती त्याने कमी होते. दर जुलाबानंतर पाव ते अर्धा कप जलसंजीवनी. दोन वर्षांच्या वरचे मूल असेल, तर अर्धा ते एक कप. पेज, वरणभात, दही, केळे, जे खाईल ते थोडे थोडे द्यायचे. उपाशी ठेवायचे नाही. शौचात रक्त दिसले, मूल पाणी पिईना, सारखे ओकू लागले, ताप चढला किंवा निपचित पडले, तर मात्र घरी थांबायचे नाही. गाडी नसेल तर १०८ नंबरला फोन करायचा.

रात्र झाली होती. घरी आले तर दादा ओट्यावर बसलेला. ओले कपडे तसेच अंगावर. दुपारपासून त्याच्या पोटात काही नव्हते. आजीने ताट वाढले होते, पण तो जेवला नाही. आईला पाहताच म्हणाला, "मी बाळूला कालचा पेरू दिला होता. खाली पडलेला. त्यानं झालं का गं?"

म्हणजे एवढा वेळ पोर हे मनात धरून बसले होते! बापाने त्याला जवळ ओढले. ओले कपडे काढले, अंग पुसले. "एका पेरूनं कशाचं काय होतंय? विहिरीचं पाणीच गढूळलंय. तू पळत जाऊन आशाताईंना आणलंस म्हणून वेळेवर पोचलो." मग दादा जेवला. दीड भाकरी जेवला.

आजी उशिरापर्यंत बाळूजवळ बसून होती. हलक्या आवाजात म्हणाली, "माझा पयला ल्योक असाच गेला. सव्वा वर्साचाच व्हता. पानी पानी करत व्हता. सासूबाई म्हनल्या देऊ नगं. म्या दिलं न्हाई."

यावर सून काय बोलणार? तिने वाटी आणि चमचा आजीच्या हातात दिला. आजीने पहाटेपर्यंत चमचा चमचा पाजले.

आता पाकीट घरात नसेल तर काय? लिटरभर स्वच्छ पाणी. त्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा शिगेचा नव्हे, सपाट! पाजण्याआधी स्वतः चाखून बघा. डोळ्यांतल्या आसवांहून खारट लागले, तर फेकून द्या आणि नवे करा. पाकीट मिळाले की पाकिटाचेच वापरा. दुकानातल्या फळांच्या रसाच्या डब्यांना मात्र भुलू नका. त्यांत साखर भारंभार असते. काही डब्यांवर तर ओआरएस अशी अक्षरे असत. २०२५ साली सरकारी अन्न सुरक्षा खात्याने, अशा पेयांच्या नावात ती अक्षरे वापरायला मनाई केली.

दुसऱ्या दिवशी बाप ग्रामपंचायतीत गेला आणि विहिरीत टीसीएल पावडर कधी टाकली, ते विचारून आला. बरोबर आणखी चौघांना घेऊन गेला होता, म्हणून पावडर त्याच दिवशी पडली. घरात पाण्याच्या हंड्याला ओगराळे आले. हात बुडवून पाणी घ्यायचे बंद झाले. बाळूचे धुतल्यावर आणि भाकरीला बसण्याआधी आई साबणाने हात धुते. दादाला साबण आवडतो, कारण फेस होतो. तो कारण नसतानाही धुतो!

जुलाब चौथ्या दिवशी थांबले. झिंकची चौदावी गोळी संपली, तेव्हा तिच्या रिकाम्या पाकिटावरून दोघा भावांची झोंबाझोंबी झाली. बाळूने दादाला चावा घेतला. आजी सवयीने म्हणाली, "दादा, तू मोठा ना?" मग स्वतःच थांबली आणि बाळूला उचलून घेऊन गेली.

उद्या वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या घरचा तांब्या आणावा. वर्गात लिटरचे माप आहे. कोणाच्या तांब्यात किती पाणी मावते, ते मोजून पाहू, आणि तांब्याच्या बुडाला रंगाने आकडा लिहू.