आमच्या खोलीचं दार आणि ओसाकाचं टर्मिनल

हॉस्टेलच्या तळमजल्यावरच्या माझ्या खोलीचं दार नीट लागत नाही. सुताराने तीनदा रंधा मारून झाला, तरी उन्हाळा आला की ते चौकटीत अडकतंच. चौकटीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग आता छताला भिडायला आली आहे. खरं कारण खाली आहे. काळी माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आक्रसते, आणि तेही सगळीकडे सारखं नाही.

सॉइल मेकॅनिक्सच्या वायवात मी हेच ऐटीत सांगितलं. वर जोडलं, "सर, अख्खी इमारत सारखी खचली तर काही बिघडत नाही. असमान खचली तरच भेगा पडतात." सर म्हणाले, "कान्साय विमानतळ वाचून ये, मग बोलू." झालं! वायवा लटकली आणि मी लायब्ररीत जाऊन बसलो.

मित्रांनो, जपानमधल्या ओसाकाच्या जुन्या विमानतळाभोवती वस्ती वाढली, विमानांच्या आवाजाने लोक वैतागले. म्हणून नवं विमानतळ किनाऱ्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर, समुद्रात भराव घालून केलेल्या बेटावर बांधलं. काम १९८७ साली सुरू झालं आणि ४ सप्टेंबर १९९४ रोजी विमानतळ उघडलं. टर्मिनलचे वास्तुरचनाकार रेन्झो पियानो. लांबी सुमारे १.७ किलोमीटर. आंतरराष्ट्रीय प्रवासी चौथ्या मजल्यावरून निघतात आणि पहिल्यावर उतरतात, म्हणजे गर्दीला गर्दी आडवी येत नाही. छपराचा बाक वाऱ्याच्या प्रवाहाचा विचार करून दिलेला. एका बाजूने सोडलेली हवा छताच्या कडेकडेने पुढे सरकते, त्यामुळे त्या मोठ्या दालनात छताखाली डक्टचं जाळं नाही.

पण खरी गंमत पायाखाली आहे. तिथे समुद्र सुमारे १८ मीटर खोल, आणि तळाशी मऊ चिकणमाती. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून वर वजन ठेवलं की पाणी हळूहळू निथळतं आणि चक्का बसतो. भरावाच्या वजनाखाली मातीचंही तेच होतं. यालाच कन्सॉलिडेशन म्हणतात. पाण्याची बाहेर पडायची वाट निम्मी केली, तर वेळ चौपट कमी लागतो. म्हणून वरच्या चिकणमातीत सुमारे दहा लाख वाळूचे उभे खांब, म्हणजे सॅण्ड ड्रेन, घातले. तो थर लवकर बसला. त्याखालचे खोल थर मात्र या उपायाच्या आवाक्याबाहेर होते. ते आजही दबताहेत.

बांधकामापासून हे बेट सरासरी १३ मीटरहून जास्त खचलं आहे. आपल्या चार मजल्यांइतकं! १९९४ मध्ये खचण्याचा वेग वर्षाला सुमारे ५० सेंटिमीटर होता, आता तो सुमारे ६ सेंटिमीटरवर आला आहे.

खचणं थांबणार नाही हे डिझायनरांना आधीच ठाऊक होतं. म्हणून टर्मिनलच्या सुमारे ९०० कॉलमखाली जॅक लावायची सोय ठेवली. कॉलमच्या पातळ्या सतत मोजायच्या. फरक मर्यादेबाहेर गेला की कॉलम जॅकने उचलायचा, खाली पोलादी पट्ट्या सरकवायच्या. असमान खचण्यावर हा चोख इलाज.

मी खूश होऊन सरांकडे गेलो. सर म्हणाले, "छान. आणि सारखं खचलं तर काहीच बिघडत नाही, हे समुद्राला विचारलंस?"

४ सप्टेंबर २०१८. उद्घाटनाला बरोबर २४ वर्षं झाली त्या दिवशी जेबी वादळ आलं. लाटा भिंतीवरून आत आल्या, धावपट्टी पाण्याखाली गेली. वादळाने भरकटलेलं एक तेलवाहू जहाज किनाऱ्याला जोडणाऱ्या पुलावर आदळलं आणि हजारो माणसं बेटावर अडकली. जॅक कॉलम समपातळीत ठेवतो, बेट वर उचलत नाही. भिंतीची उंचीही बेटाबरोबर उतरत असते. नंतर समुद्रभिंती आणि एक धावपट्टी उंच करावी लागली.

वायवात मार्क मिळाले, पण माझं ते वाक्य मी वहीत खोडलं. हॉस्टेलवर परत येऊन पहिलं काम केलं: भेगेच्या टोकाशी पेन्सिलने रेघ मारली आणि शेजारी तारीख लिहिली. रेक्टर सरांना विनंती एवढीच, चौथ्यांदा सुतार बोलावण्याआधी वर्षभर ही रेघ बघू या. आणि भिंतीला रंग देणाऱ्यांनी कृपया ती पुसू नये.