उपवासाची भगर आणि प्रसादाची शुचिता

अन्नास आपण पूर्णब्रह्म मानतो. म्हणूनच प्रसादाची शुचिता हाही देवसेवेचाच भाग होय. माघ महिन्यातील एकादशीस, दिनांक 20 फेब्रुवारी 2024 रोजी, बुलढाणा जिल्ह्यातील सोमठाणा (ता. लोणार) येथे हरिनाम सप्ताहात भगर व आमटीचा प्रसाद घेतल्यावर दोनशेहून अधिक भाविकांस उलट्या व पोटदुखीचा त्रास झाला. रुग्णालयात खाटा अपुऱ्या पडल्याने अनेकांना बाहेर उघड्यावर, झाडांना बांधलेल्या दोरीस सलाईन लावून उपचार द्यावे लागले. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यातील कोष्टवाडी (ता. लोहा) येथेही एकादशीच्या फराळानंतर असाच प्रसंग ओढवला.

भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी सहज वाढते. दमट हवा व ओलसर साठवण तिला पोषक ठरते. या बुरशीपासून निर्माण होणारे विषारी द्रव्य शिजविल्यानेही पूर्णपणे नष्ट होत नाही. उरणसारख्या सागरकिनारी तर हवेत ओलावा कायमचाच; त्यामुळे येथे अधिक दक्षता हवी.

यास्तव भाविकांनी व दात्यांनी पुढील गोष्टी ध्यानी ठेवाव्यात :

1) भगर सुटी न घेता बंद पाकिटातील घ्यावी, पाकिटावरील उत्पादकाचे नाव व मुदतीची तारीख पाहावी.

2) भगरीचे तयार पीठ विकत आणू नये अथवा फार दिवस साठवू नये. पिठास ओलावा लवकर धरतो.

3) धान्य कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे. कुबट वास अथवा रंगात बदल आढळल्यास ते टाकून द्यावे.

4) शिजविलेला प्रसाद गरम असतानाच वाटावा, दोन तासांहून अधिक काळ उघड्यावर ठेवू नये. दूरच्या प्रवासास ओला प्रसाद न नेता सुका प्रसाद न्यावा.

5) उपाशीपोटी भगर व शेंगदाण्याची आमटी बेतानेच खावी.

उलटी, जुलाब वा चक्कर जाणवल्यास जलसंजीवनी घोट घोट द्यावी व विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. रुग्णवाहिकेसाठी 108 या क्रमांकावर दूरध्वनी करावा. उरलेले अन्न तपासणीसाठी झाकून ठेवावे.

अन्नदान करू इच्छिणाऱ्या दात्यांनी घरी शिजविलेले पदार्थ न आणता सीलबंद शिधा कार्यालयात जमा करावा, ही नम्र विनंती. दात्याच्या श्रद्धेबद्दल शंका म्हणून नव्हे, तर त्याच्या दानाने कोणासही इजा होऊ नये, एवढ्याचसाठी हा आग्रह आहे.