हिवाळ्यातील एक दिवस: झाशीचे पक्षी

झाशीचे नाव घेताच मराठी वाचकास किल्ला आठवतो. परंतु पौष महिन्यात तेथे पहाटे उठणाऱ्यास साध्या अंगणातही पाहण्यासारखे पुष्कळ असते. या दिवसांत रात्र १३ तासांहून मोठी असते आणि पहाटेचे तापमान ८-९ अंशांपर्यंत उतरते. लहान पक्ष्याच्या शरीराचे तापमान मात्र ४० अंशांच्या आसपास टिकावे लागते. एवढ्या रात्रीचे इंधन आदल्या दिवशीच्या अन्नातूनच पुरवावयाचे असते. म्हणून बुलबुल पिसे फुगवून चेंडूसारखा बसलेला दिसतो. पिसांत कोंडलेली हवा हीच त्याची रजई होय. कोवळे ऊन पडताच साळुंक्या, दयाळ व कलकलाट करणारे सातभाई अन्न शोधू लागतात. निरीक्षकाने हीच वेळ साधावी.

दुपारी मात्र पाण्याकाठी जावे. झाशीपासून सुमारे १६ किलोमीटरवर ओरछा येथे बेतवा नदी खडकांमधून वाहते. तेथे पाणकावळा पंख पसरून उन्हात उभा असतो. त्याची पिसे भिजतात. त्यामुळे बुडी मारणे सोपे जाते, पण नंतर ती वाळवावी लागतात. लडाख-तिबेटकडून येणारा चक्रवाक गार पाण्यात खुशाल उभा राहतो. त्याच्या पायांत उतरणारे ऊन रक्त परतणाऱ्या थंड रक्तास वाटेतच उष्णता देते, त्यामुळे ती बाहेर फारशी वाया जात नाही. रात्री या जोडप्याचा विरह होतो, असा कविसंकेत आहे. वस्तुतः हा पक्षी रात्रीही चरतो व साद घालतो. संकेताचे मूळ कदाचित त्यातच असेल.

काठावरील बुंदेला राजांच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडे घरटी करतात. जमीन तापून हवा वर चढू लागेपर्यंत हा जड पक्षी सहसा उडत नाही. पंख मारण्यात शक्ती खर्चण्यापेक्षा वाट पाहणे त्यास परवडते. १९९० नंतर भारतातील या गिधाडांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मृत जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली गुरांसाठी या औषधावर भारतात बंदी आली. परंतु गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी भरून येण्यास फार काळ लागतो.

अंडी व पिले यांचा काळ हिवाळ्यातच येतो, म्हणून छत्र्यांवर चढू नये. ऊन उतरू लागले की नदीच्या पलीकडच्या काठावर वही घेऊन बसावे. परतणारी गिधाडे तेथून एकेक मोजता येतात.