चाकू हिसकावता येतो का?

प्रश्न : मी बंगळुरूच्या कोरमंगलात नोकरी करते. रात्री ८० फुटी रस्त्यावरून खोलीवर परतते. अगदी जवळून कुणी चाकू दाखवला, तर तो हिसकावायचा कसा?

उत्तर : ताई, शक्यतो हिसकावूच नका. पर्स मागितली तर लांब फेका आणि उलट्या दिशेला, उजेडाकडे पळा. घरी एक करून पाहा. जुना पांढरा टी-शर्ट घाला, मैत्रिणीच्या हाती लाल मार्कर द्या आणि तो काढून घ्यायला जा. मग अंगावरचे लाल ओरखडे मोजा. कोल्हापुरी मर्दानी खेळात मुरलेला गडीही यातून कोरा सुटणं कठीण.

पळायला वाटच नसेल तरच भिडा. बॅग छातीपुढे धरा. पात्याला हात घालू नका. दोन्ही हातांनी हल्लेखोराचं चाकूच्या हाताचं मनगट आवळा, अंगापासून दूर दाबून ठेवा, गुडघ्याने मारत राहा, ओरडत राहा. त्याची पकड ढिली झाली की पळा, ११२ लावा. स्वसंरक्षणाचा हक्क बजावताना केलेली कृती भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ नुसार गुन्हा ठरत नाही, कायद्याची धास्ती नको. सुटल्यावर मान, काखा, पोट चाचपून पाहा. त्या भरात वार झालेला कळत नाही. रक्त दिसलं तर ओढणीची घडी जखमेवर घट्ट दाबून धरा.